कपाशीच्या लग्नाचा मालक

माझे सासरे अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी फुलांची बाग करीत. शेवंती, झेंडू, मोगरा आणि एका कोपऱ्यात गावठी गुलाब. मी त्यांना मामाजी म्हणायचो. त्यांच्या हातचा हार नवरदेवाच्या गळ्यात, देवाच्या गळ्यात आणि बदली झालेल्या साहेबाच्या गळ्यात सारख्याच इमानाने पडे. पण लोक त्यांना ओळखत ते हारांमुळे नव्हे, आवाजामुळे. या काठावर उभे राहून त्यांनी तान घेतली की पलीकडच्या काठावरच्या म्हशी रवंथ थांबवून माना वर करीत. जावई म्हणून मी हे फुगवून सांगतो आहे असे कुणाला वाटेल, म्हणून सांगून ठेवतो, म्हशी मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत भाऊबंदकी पेटली, त्यांचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांना आमची काळी माती आठवली. वऱ्हाडाने तसले दिवस आधी पाहिले नव्हते. रेशमी फेटा बांधून वखर हाकणारा कुणबी मी पाहिला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या आणि बैलही जरा मान ताठ करून चालू लागले. अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांमधून वाट काढताना माणूस पांढरा होऊन घरी यायचा. तशात अकोल्याला आगीनगाडी आली. ती पाहायला पातूरहून लोक दशम्या बांधून आले आणि इंजिनाने शिट्टी मारताच दशम्या टाकून पळाले.

या सगळ्या थाटावर मामाजींनी एक लांबलचक गाणे रचले. नाव ‘कपाशीचं लग्न’. काळ्या मातीची गोरी लेक कपाशी, तिला विलायतेचे स्थळ येते. दलाल मध्यस्थी करतो, काटेवाला तागडी धरून मंगलाष्टके म्हणतो, आगीनगाडी धुराचा फेटा बांधून वऱ्हाडी घेऊन येते आणि मुलीचा बाप, म्हणजे आमचा शेतकरी, फलाटावर उभा राहून रडतो. लोक आधी हसून हसून लोळायचे आणि मग त्या फलाटाशी आले की डोळे पुसायचे. शेवट असा होता:

धुराचा उडाला फेटा, रडून राह्यली वेस,
माळी म्हने, जाय बाई, फुलू दे हा देस.

‘माळी म्हने’ ही त्यांची छाप. आमच्याकडे गाणे रचणारा शेवटच्या कडव्यात आपली खूण गुंफतो, तिला छाप म्हणतात. गाणे कुणीही गावे, कुठेही गावे, विचारायची गरज नाही. उलट चार गावांनी गायले तर रचणाऱ्याची छाती फुगते. बंधन एकच, छाप बदलायची नाही. छाप खोडून आपली घालणाऱ्याला कुणी ओसरीवर बसू देत नसे. कवीच्या हक्काचा आम्हाला ठाऊक असलेला कायदा तेवढाच होता आणि आम्ही त्यावर खूश होतो.

मग एका हिवाळ्यात मामाजींना ताप आला, घसा सुजला आणि ताप उतरला तेव्हा आवाज सोबत घेऊन गेला. वैद्य झाले, हकीम झाले, ज्येष्ठमध झाला, कुणीतरी सांगितलेला मोराच्या पिसाचा धूर झाला. काही उपयोग झाला नाही. राहिली ती नुसती कुजबुज, तीही कान तोंडाजवळ नेला तर ऐकू येणारी. बाजारात लोक “माळीबुवा, होऊ द्या!” म्हणत आणि ते गळ्याला हात लावून मान हलवीत. ते पाहवत नसे.

मी तेव्हा अमरावतीला शाळेत शिकवत होतो. मीच म्हटले, आपण गाणे छापू या. अमरावतीला एक शिळाछापखाना होता. तिथे सुबक अक्षराचा लेखक खास शाईने कागदावर मजकूर लिही, तो कागद दगडावर दाबला की अक्षरे दगडावर उतरत आणि मग त्या दगडावरून हव्या तितक्या प्रती निघत. पुस्तक झाले. कागद पिवळट, शाई जरा फुटलेली, पण पुस्तक. फुलांच्या टोपल्यांत घालून मी ते अकोल्याला नेले. मामाजींनी एक प्रत उचलून गळ्याला लावली आणि माझ्या बायकोच्या कानात काहीतरी म्हणाले. तिने मला सांगितले, “बाबा म्हनतात, आता हाच माहा गळा.”

त्या दिवसापासून दुकानात हारांच्या शेजारी पुस्तकांची चळत बसू लागली.

वर्षभर बरे चालले. मग एका सकाळी बागेच्या फाटकाशी एक गृहस्थ उभे राहिले. अंगावर उपरणे, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात शाल. कापसाच्या तेजीत दगडासकट पुण्याकडून अकोल्याला आलेले हे छापखानेवाले. तेजीत व्यापाऱ्यांच्या पावत्या आणि जाहिराती छापून त्यांचे बरे चालले होते. अमेरिकेतले युद्ध मिटले, भाव खाली आले आणि त्यांचा दगड रिकामा बसला होता. मी सुट्टीला आलो होतो, म्हणून पुढचा सारा प्रवेश मला पहिल्या रांगेतून पाहायला मिळाला.

त्यांनी मामाजींना वाकून नमस्कार केला, शाल पांघरली, नारळ दिला आणि उपरण्याच्या आतून एक पुस्तक काढले. ‘कपाशीचं लग्न’! पांढराशुभ्र कागद, काळीभोर शाई आणि पहिल्या पानावर चक्क कवीचे चित्र. मोठा फेटा, रुंद कपाळ आणि कानांपर्यंत पोचलेल्या मिशा. मामाजींना मिशा नव्हत्या. सगळा चेहरा तुळतुळीत.

“आपलं दर्शन आधी झालं नव्हतं,” गृहस्थ विनयाने म्हणाले. “पण अशी रचना करणारा माणूस मिशांवाचून असेल, हे चित्रकाराला पटेना.”

मामाजींनी शेवटचे पान उघडले. छाप जागच्या जागी होती. एक अक्षरही हललेले नव्हते आणि वर ‘कविराज’ अशी पदवीही जोडली होती. मामाजींचे डोळे भरून आले. ते उठले, कोपऱ्यातल्या गुलाबांकडे गेले, जे ते लग्नसराईतही तोडत नसत, आणि तिथल्या तिथे हार ओवून त्यांनी तो छापखानेवाल्यांच्या गळ्यात घातला. शेजारचे माळी जमले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. इतका सुंदर प्रसंग वाया कोण घालवतो?

फक्त माझी बायको फाटकाशी उभी राहून म्हणाली, “बाबा, यानं असे किती छापले?”

मामाजींनी तिला हातानेच गप्प केले. पाहुण्याला असले विचारतात का?

त्याचे उत्तर पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी मिळाले. मी दुकानावर मामाजींजवळ बसलो होतो. अकोटकडचा एक धिप्पाड शेतकरी हार घ्यायला आला आणि पुस्तकांच्या चळतीकडे पाहून हसला.

“हे नकली कावून ठेवलं जी?”

“नकली?” मी उडालो.

“मंग काय! असली पुस्तकात कवीची तसबीर राह्यते. आमच्या आकोटच्या बजारात ढीग लागून हाय. मिशा पाहा त्या कवीच्या! अशा!” त्याने दोन्ही हातांनी हवेत मिशा काढल्या.

“अहो, कवी हेच!” मी मामाजींकडे बोट दाखवले.

त्याने मामाजींना टाळूपासून अंगठ्यापर्यंत न्याहाळले. “हे? हे तं फुलं इकून राह्यले. अन् कवी असतीन तं गाऊन दाखवा म्हना एक कडवं.”

मामाजींनी तोंड उघडले. ओठ हलले. गळ्याच्या शिरा ताणल्या. बाजाराच्या गलक्यात काहीच ऐकू आले नाही. शेतकरी वाईट माणूस नव्हता. त्याने पुस्तक हळूच चळतीवर ठेवले, हाराचे पैसे दिले आणि समजुतीने म्हणाला, “राहू द्या बुवा. पोट सगळ्यालेच हाय.”

त्या संध्याकाळी मामाजींनी चळत उचलून आत नेली आणि वर गोणपाट टाकले. दुसऱ्या दिवशी हार ओवायलाही बसले नाहीत. बायको मला म्हणाली, “आवाज देवानं नेला, त्याले काही म्हनता येत नाही. पन हे तं मानसानं नेलं. अवो, तुमी एवढे शिकलेले, काहीतरी करा ना!”

शिकलेल्या माणसाने अमरावती गाठली आणि तो एका वकीलसाहेबांच्या बैठकीत जाऊन बसला. वकीलसाहेब वृद्ध होते. निजामाच्या अमलात फारसी शिकलेले, इंग्रजांच्या अमलात कायदा शिकलेले. त्यांच्या तोंडात पान आणि भाषेत दोन्ही अमल एकदम असत. मी सगळी हकिगत साभिनय सांगितली, मिशाही काढून दाखवल्या, आणि शेवटी न्यायाला धरून म्हटले, “पण साहेब, त्याने छाप बदललेली नाही. नाव मामाजींचेच ठेवले आहे.”

वकीलसाहेबांनी पान गालात सरकवले. “मास्तर, तुमची गाय कोणी हाकून नेली, अन् तिच्या गळ्यातली घंटा मात्र तुमचीच राहू दिली, तर गाय कोणाची?”

“गाय माझीच,” मी म्हणालो.

“त्यानं विचारलं का, एवढंच कायदा पाहतो. पुस्तक रचणाऱ्याचं. त्याच्या प्रती काढायचा हक्कही त्याचाच. जन्मभर, अन् त्याच्या मागंही कितीतरी वर्षं त्याच्या वारसांचा. तुमच्या बीबीचा म्हणा ना! तो विकता येतो, मक्त्यानं देता येतो, जसं शेत. दुसऱ्याला छापायचं असेल तर मालकाची लेखी परवानगी पाहिजे. लेखी!”

मला नवल वाटले. शेत दिसते. त्याला बांध असतो, मोजणीदार साखळी टाकून ते मोजतो. विहीर दिसते. पण आमच्या सासऱ्यांनी पाणी देता देता गुणगुणलेले गाणे, त्याला हद्दीचे दगड कोण रोवणार? कुणीतरी कायदा लिहिणाऱ्या शहाण्याने ते रोवून ठेवले होते आणि आम्हाला त्याची गंधवार्ता नव्हती. त्या न पाहिलेल्या माणसाला मी मनातल्या मनात एक गुलाबाचा हार घातला.

“फक्त एक,” वकीलसाहेब म्हणाले. “पुस्तकाची सरकारात नोंद केली आहे का?”

नव्हती.

“हक्क नोंदीवाचूनही असतो. पण दावा लावायचा तर आधी नोंद. ती करू. फिकर नको.”

मी नाचतच अकोल्याला आलो आणि बातमी सांगितली. मामाजींनी सगळे ऐकले आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजले,

“मले दावा नाही लावाचा, जावईबापू.”

“का हो?”

“गानं माहं शेत झालं, तं लोकाहिले त्यात पाय ठेवता येईन काय? आकोटचे पोरं गाऊन राह्यले, पातूरच्या बाया दळता दळता गाऊन राह्यल्या. त्याहिलेबी कचेरीत ओढतीन? माहा गळा तं गेला. आता त्याहिचा बंद करू?”

हा प्रश्न मी वकीलसाहेबांना कळवला आणि त्यांनी काय करावे? म्हातारा माणूस, अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून आगीनगाडीत बसून स्वतः अकोल्याला आला. उपरण्याने कोळशाचे कण झटकत बागेत शिरला आणि मामाजींसमोर मोगऱ्याच्या वाफ्याशी उकिडवा बसला.

“मालक,” वकीलसाहेब म्हणाले. मामाजींना मालक म्हणणारे ते पहिले. “जात्यावरच्या बाईला या कायद्यात कोणी हात लावत नाही. गळ्यानं गावं तेवढं गावं. कायदा दगडापाशी उभा आहे. दगडावरून प्रती निघतात, त्या कोणी काढाव्या, एवढंच तो विचारतो.”

“गान्याले बंदी नाही?”

“बिलकूल नाही.”

मामाजी उठले आणि गुलाबांकडे निघाले. वकीलसाहेब घाईने म्हणाले, “हार नको! निकालापर्यंत कोणालाच हार नको!”

ते असे का म्हणाले ते आम्हाला कचेरीत कळले.

नोंद झाली, दावा लागला आणि तारखेच्या दिवशी अकोल्याच्या कचेरीचे आवार फुलले. निम्मे लोक न्याय पाहायला आलेले, निम्मे कवीला खरेच मिशा आहेत का ते पाहायला. न्यायासनावर एक इंग्रज साहेब. ते पुण्याच्या शास्त्रीबुवांकडून मराठी शिकले होते आणि इतके शुद्ध बोलत की पट्टेवाल्यालाही कधी कधी अर्थ विचारावा लागे.

“प्रतिवादी महाशय,” साहेब म्हणाले, “उभय पुस्तकांतील काव्य एकच आहे काय? शेवटला भाग वाचून दाखवा.”

छापखानेवाले उभे राहिले. पुस्तक उघडले. पण ‘कपाशीचं लग्न’ वाचायचे कसे? ते काही वाचायचे गाणे नव्हते. दोन ओळी कशाबशा वाचल्या आणि तिसऱ्या ओळीला त्यांना चाल लागली. गृहस्थ गाऊ लागले. आणि काय सांगू, सुरेख गायले! फलाटावरच्या बापाशी आले तेव्हा त्यांचाच आवाज चिरकला. बाहेरच्या आवारातून लोकांनी ओळ उचलली. पट्टेवाला मान डोलवत होता. साहेबांनी थांबवले नाही. शेवटी ‘माळी म्हने’ आले, सगळे आवार एका सुरात म्हणाले.

“हे काव्य कोणी रचले?” साहेबांनी विचारले.

“यांनी, साहेब!” छापखानेवाल्यांनी अभिमानाने मामाजींकडे हात केला. “दुसरं कोण रचणार? म्हणून तर छापलं!”

वकीलसाहेबांनी हळूच हात जोडले. त्यांचे निम्मे काम प्रतिवादीनेच करून टाकले होते.

मग प्रतिवादीचे उरलेले बोलणे आले, आणि ते मात्र कठीण होते. “साहेब, मी चोर नाही. मी स्वतः यांच्या घरी प्रत घेऊन गेलो. शाल दिली. यांनी साऱ्या माळीवाड्यादेखत माझ्या गळ्यात गुलाबाचा हार घातला. परवानगी याहून मोठी काय असते?”

आवारात कुजबुज झाली. लोक माना हलवू लागले. आमच्या रीतीने पाहिले तर बोलणे खरे होते. हार घातलेल्या माणसाला चोर कसे म्हणायचे? मामाजींचा चेहरा पडला. माझ्या बायकोने माझे मनगट इतके घट्ट धरले की बांगड्या मला रुतल्या.

साहेबांनी मामाजींना पुढे बोलावले. “आपण हार का घातला?”

मामाजी बोलले. कुणालाच ऐकू गेले नाही. तेव्हा साहेब आपल्या उंच जागेवरून खाली वाकले, आपला कान मामाजींच्या तोंडाशी आणला आणि ऐकले. असा साहेब मी पुन्हा पाहिला नाही. मग सरळ होऊन त्यांनी ते उत्तर, त्यांच्या त्या शुद्ध जिभेवर आमचे वऱ्हाडी शब्द सांभाळत, सगळ्यांना ऐकवले:

“हे म्हणतात, ‘मले वाटलं, हा मानूस माहा आवाज परत घेऊन आला.’”

छापखानेवाले खाली पाहू लागले.

“हा सत्कार झाला,” साहेब म्हणाले. “कायदा लेखी संमती मागतो. प्रतिवादी महाशय, तो हार लेखी होता काय?”

छापखानेवाले प्रामाणिक माणूस. “नाही, साहेब,” ते म्हणाले. “गुलाबाचा होता.”

निकाल लागला. मामाजींच्या संमतीवाचून कुणी छापायचे नाही, दगडावरचा मजकूर पुसायचा आणि न खपलेल्या सगळ्या प्रती मामाजींच्या मालकीच्या. हे शेवटचे कलम ऐकून मी जागच्या जागी उडी मारली. चोरलेले परत मिळते हे ठाऊक होते, पण चोराने त्यावर घातलेला चांगला कागद आणि चांगली शाईही धन्याच्या घरी येते, असला रसिक कायदा मी पहिल्यांदाच पाहत होतो!

प्रती बैलगाडीतून आल्या. गाडीबरोबर छापखानेवाले स्वतः चालत आले, चोरासारखे फाटकाशी उभे राहिले. माझ्या बायकोने त्यांना गुळपाणी दिले, पण हसून नव्हे. मामाजींनी एक प्रत घेतली, कागद बोटांनी चोळला, शाई उजेडात धरली, आमची पिवळट प्रत शेजारी ठेवली आणि मला जवळ बोलावले.

“याहिचंच काम चांगलं हाय, जावईबापू. पुढचे याहिच्याकूनच छापून घेऊ.”

मी वकीलसाहेबांकडून कराराचा मजकूर आणला. किती प्रती काढायच्या, कुणी विकायच्या, हक्क कुणाचा, मागे कुणाचा. छापखानेवाल्यांनी सही केली. मामाजींनी आपली वेलांटीदार सही केली, वाळू टाकली, शाई वाळेपर्यंत थांबले, आणि मगच गुलाबांकडे गेले.

राहता राहिला चित्राचा प्रश्न. मी म्हटले, नव्या छपाईत मिशा काढून टाका. छापखानेवाले घाबरले. “नको हो! वऱ्हाडभर लोक त्याच मिशांना कवी समजतात.” मामाजींनी चित्र पुष्कळ वेळ पाहिले. दुसऱ्या दिवसापासून न्हाव्याला वरच्या ओठाजवळ फिरकू दिले नाही.

दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा पीक तयार होते. कानांपर्यंत नाही, पण गालांपर्यंत नक्की. बाजाराचा दिवस होता. चळत पुन्हा हारांच्या शेजारी, आणि काय योग, तोच अकोटचा धिप्पाड शेतकरी समोर. त्याने पुस्तक उचलले, चित्र पाहिले, मामाजींकडे पाहिले, परत चित्र पाहिले आणि पटकन पागोटे सारखे करून हात जोडले.

“बुवा! मांगच्या खेपेले मी वळखलं नाही. कसूर झाली.” मग जरा थांबून म्हणाला, “आयकलं, तुमचा गळा बसला. मी म्हनू काय?”

मामाजींनी होकाराची मान डोलावली. तो जागीच उभा राहून गायला लागला, घोगऱ्या, शेतातल्या आवाजात. भोवती माणसे जमली. कपाशी नटली, गाडीत बसली, बाप फलाटावर रडला, धुराचा फेटा उडाला, वेस रडली. आणि तिथे तो थांबला. पुढचा शब्द त्याने म्हटला नाही. नुसता मामाजींकडे पाहत उभा राहिला.

बाजार एवढा मोठा, पण तेवढ्या जागेपुरता तो गप्प झाला. मामाजींनी मिशांवरून हात फिरवला, ओठ उघडले आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू गेले.

“माळी म्हने...”